कोरी ओळ

“कोरी ओळ कोठे शे?” कोणी कशाचाही गुण सांगितला, की तो हा प्रश्न विचारी आणि उठून उभा राही. बसून ऐकणे त्याला जमत नसे.

चोपड्याला आमची घरे समोरासमोर. त्याची केळीची बाग होती. नवे खत आले, की एक ओळ तो खताविना ठेवी. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय खताला चांगले म्हणत नसे. ती कोरी ओळ. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. देवाचा अंगाराही ती अर्ध्याच कपाळाला लावून पाहतील.

आम्हा दोघांना मधुमेह. दालचिनीने शुगर उतरते, असे त्याने कुठेतरी ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या ओट्यावर हजर. हातातली दालचिनी मोडायचा, हुंगायचा, पुन्हा मोडायचा.

“आबा, दालचिनी मी खाणार. तुम्ही खायची नाही.”

“का?”

“तुम्ही कोरी ओळ.”

आयुष्यात मला बरीच पदे मिळाली. हे शेवटचे.

“गोळ्या चालू ठेव,” मी बजावले. तोवर त्याने रस्ता ओलांडला होता.

रक्त तपासायला आम्ही बरोबर जात असू. तिथल्या बाकावर तो टेकत नसे. आधी माझा आकडा पाही, मग स्वतःचा. त्याचा चढतच गेला. दोष त्याने दालचिनीला दिला नाही, दुकानदाराला दिला. धुळ्याहून दुसरी मागवली. तरीही आकडा चढला, तेव्हा मला शंका आली.

“गोळी घेतोस ना?”

“आबा, दोन बैल जुंपात, ते गाडं कोन वढस, कसं समजी?”

गोळी त्याने पहिल्याच दिवशी बंद केली होती.

“केळीचा खांब पडला, तर बुडाशी नवी पील फुटते,” मी म्हणालो. “तुला फुटणार आहे का?”

तो हसला. “थोडं थांबा. आता उतरेल.”

मी थांबलो नाही. तडक समोर जाऊन त्याच्या बायकोला सांगितले. त्या दिवसापासून ती समोर उभी राहून गोळी देऊ लागली. पण बागेत पायाला लागलेला कोयता तो तिच्यापासूनही लपवून होता. जखम चिघळली. जळगावच्या दवाखान्यात पाय कापला.

न बसणारा माणूस खाटेवर पडून होता. मला पाहताच म्हणाला, “आबा, चूक सापडनी. दोन्ही ओळी एकाच वावरातल्या पाहिजे होत्या. तुमनं वावर न्यारं, मन्हं वावर न्यारं.”

“घरी ये. मग बोलू.”

तो आला नाही. विष अंगभर पसरले होते.

तेराव्यानंतर मी समोर गेलो. त्याच्या बायकोने चहा आणला. घरभर दालचिनीचा वास होता. माझ्या कपाला नव्हता.

“तुमचा वेगळा केला, आबा,” ती म्हणाली. “त्यांनी सांगून ठेवलंय. ‘आबासले दालचिनी देऊ नको. आबा कोरी ओळ शेतस.’”

तिने खुर्ची पुढे केली. चहा मी उभ्यानेच प्यालो.