गालिच्यावरचं लाल मेण

मुलीचं लग्न मुलीनंच ठरवलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, पैठणकडच्या एका शेतकरी घरातला. आम्हा आईबापांकडं उरलं होतं ते एवढंच, की रविवारी पाहुण्यांना चहापोहे द्यायचे आणि हे सगळं आपणच जुळवून आणल्यासारखा चेहरा करायचा. इतक्या मोठ्या जबाबदारीला साजेसं काहीतरी करावं म्हणून मी गालिचा घेतला.

औरंगपुऱ्यातल्या दुकानदारानं माझ्यापुढं दहाबारा गालिचे उलगडले. चितेगावच्या कंपनीत नट-बोल्ट मोजण्यात पंचवीस वर्षं घालवलेला मी स्टोअरचा माणूस. जाणकारासारखा प्रत्येकावरून हात फिरवत गेलो. "साब, असली ऊन है. आँख बंद करके लेके जाव," तो म्हणाला. मी अगदी तसंच केलं. पडेगावला येईपर्यंत गालिच्याचं एक टोक रिक्षाबाहेर लोंबत होतं. ते रस्त्यानं सगळ्यांना दिसावं अशीच माझी इच्छा होती.

घरी आई होती. वडील गेल्यापासून ती आमच्याकडंच असते. तिचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलंय. मी नोकरीला लागलो तेव्हा कुठं वडिलांनी कळप विकला. ती गालिच्याशेजारी बसली, त्याचा एक धागा बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "ही लोकर नाय."

"आई, ही मशीनवरची लोकर आहे. भारीतली. आपल्या घोंगडीसारखी टोचत नाही."

"लोकर टोचतीच. जरा तरी टोचतीच."

मग मी तिला लोकर म्हणजे काय ते पाचएक मिनिटं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, "बरं हाय मग," म्हणाली आणि शेंगा फोडायला बसली.

खरं सांगायचं तर मला त्या घोंगडीचीच अडचण होती. बैठकीच्या खोलीतल्या दिवाणावर ती कायम अंथरलेली असायची. मी ती घडी करून आतल्या खोलीत ठेवली. आम्ही कोण ते पाहुण्यांना ठाऊक होतंच. पण ठाऊक असणं वेगळं आणि दिवाणावर अंथरलेलं दिसणं वेगळं, असा माझा थोर विचार होता.

शनिवारी संध्याकाळी लाईट गेली. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्याच्या बॅटरीत पाणी घालायचं काम माझ्याकडं असल्यामुळं तोही बंद पडला. बायकोनं मुलीच्या कपाटातून एक सुवासिक मेणबत्ती काढली. लाल, जाडजूड, गुलाबाच्या वासाची. ती बशीत उभी करून टीपॉयवर लावली. बराच वेळ जळून तिच्या पोटात मेणाचं तळं साचलं, आणि तेव्हा मला गालिच्याची काळजी वाटायला लागली. खिडकीत नेऊन ठेवावी म्हणून मी बशी उचलली, आणि गालिच्याच्याच कडेला माझा अंगठा अडकला.

"तिथंच राहू द्या म्हणणार होते," बायको म्हणाली, "पण तुम्ही कधी कुणाला विचारता?"

मी तातडीनं ओलं फडकं आणून पुसलं. त्यामुळं पुरीएवढा डाग होता तो भाकरीएवढा झाला.

अर्ध्या तासात लाईट आली. मुलीनं मोबाईलवर व्हिडिओ शोधला. बर्फानं मेण कडक करायचं, मग खरवडून काढायचं. मुलीनं पिशवीत बर्फ घालून डागावर ठेवला, बायकोनं चमच्याच्या कडेनं हळूहळू टोकरायला सुरुवात केली. मेणाचे तुकडे सुटून येत होते. काम चांगलं चाललं होतं, त्यामुळं त्यात पडणं मला भागच होतं.

"असं केलं तर रात्र पुरणार नाही," मी म्हणालो. "पुढं काय दाखवतोय तो?"

"राहिलेल्यावर कागद ठेवून इस्त्री. पण एकदम मंद, बाबा. आणि आधी कोपऱ्यात करून बघा म्हणतोय."

"त्याच्याकडं वेळ असेल."

इस्त्रीच्या चकतीवर लोकरीची खूण होती. मी काटा तिथं नेला आणि खात्रीसाठी थोडा पुढं सरकवला.

"इस्त्री नको रं," आई दिवाणावरून म्हणाली. "वितळंल."

"आई, लोकर कधी वितळते का?"

"नाय. लोकर नाय वितळत." तिला हे पूर्ण मान्य होतं.

मी वर्तमानपत्र पसरलं आणि इस्त्री दाबली. आधी गुलाबाचा वास आला. मग गुलाबाचा नसलेला.

"लोकर जळली की केस जळल्यावानी घाण येती," आई म्हणाली. "ह्यो पिशवीचा वास हाय."

इस्त्री उचलली तर तिच्यासोबत कागद आला, आणि कागदासोबत गालिच्याचे काही धागे. खाली इस्त्रीच्या आकाराचा कडक, चकचकीत चट्टा उरला होता. मेण बाजूला तसंच होतं.

मग मुलगी हळूच म्हणाली, "उद्या येणारेत ते, बाबा." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आईकडं बघायची तर सोयच नव्हती. चाळीस वर्षं लोकर कातरलेल्या बाईला मी लोकर शिकवली होती.

ती मात्र "मी म्हनलं नव्हतं का" असं काही म्हणाली नाही. दिवाणावरून उतरली, गुडघ्यावर हात ठेवत खाली बसली आणि मला म्हणाली, "बर्फ आन आजून."

राहिलेलं मेण तिनं काढलं. बर्फ ठेवायचा, दमानं घ्यायचं, मग नखानं एकेक झुबका मोकळा करायचा. "मेंढराच्या अंगात गोखरू अडकायचं तवा असंच करायचो. वढलं की वरडतंय बिचारं." मुलगी तिच्या शेजारी बसून तसंच करायला लागली. लाली राहिली तिथं बायकोनं कापसाला स्पिरीट लावून टिपून घेतलं. मी बर्फ आणत होतो. तासाभरात मेण निघालं. चट्टा निघाला नाही. तो कायमस्वरूपी होता.

मला आईला काहीतरी म्हणायचं होतं. "गुडघे दुखत असतील, ऊठ आता," एवढंच म्हणालो.

"दुखत्यात की," ती म्हणाली आणि उठायला माझा हात मागितला.

रविवारी चट्ट्यावर टीपॉय ठेवला. पाहुणे आले, पोहे झाले. मुलाचे वडील उंचपुरे, लांब पायांचे. पाय मोकळे करायला त्यांनी टीपॉय सहज पुढं सरकवला.

"हे काय झालं हो?"

धोब्यावर ढकलायचं मी ठरवून ठेवलं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "आमच्या लेकानं गालिच्याला इस्त्री केली."

मुलाच्या आईला ठसका लागला. मग सगळेच हसले. "लोकर म्हनून आनला," आई पुढं म्हणाली, "निगालं प्लास्टिक."

"तुम्हाला कसं कळलं, आजी?" मुलाच्या आईनं विचारलं.

"आमी मेंढरावाले. आमाला नाय कळायचं तर कुनाला?"

मी पंख्याकडं बघत बसलो. मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "आमच्या रानात दरसाल खताला मेंढरं बसायची," ते म्हणाले. "मेंढरं बसल्याबिगर माझा बाप पेरायचाच नाय. नदीच्या अंगाचं रान."

"चिंचंखाली हीर असलेलं?"

"व्हय! तुम्हीच यायच्या का?"

"असंल बी. त्या वाटंनं लई कळप जायचे." ते कळप आमचेच होते का, हे काही ठरलं नाही. पण लेंड्यांनी रान कसं उठायचं, कोल्हं कुठून यायचं, कुणाच्या घरून भाकरी यायची, यावर दोघं तासभर बोलले. मुलाची आई उठून माझ्या आईजवळ जाऊन बसली. फ्लॅट किती फुटांचा, मला बढती कधी मिळाली, हे सगळं मी तयार ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही.

निघताना मुलाचे वडील आईच्या पाया पडले आणि म्हणाले, "तारीख तुम्हीच सुचवा, आजी." मला त्यांनी विचारलं ते इतकंच, की गाडी कुठून बाहेर काढायची. मी खाली गेलो, गाडीमागं उभा राहिलो आणि "येऊ द्या, येऊ द्या" करत हात हलवत राहिलो. गाडी कुठंही न घासता बाहेर पडली.