शेळीने न खाल्लेली सोळा पानं

एका कादंबरीचा शेवट मी पंधरा बायकांना समजावून सांगितला — कादंबरी न वाचता. आणि तोही चुकीचा. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, आणि नातवंडांना तर नाहीच. ती मला वाचनवेडी आजी समजतात. समजू देत बापडी. तुम्हाला मात्र सांगते — तुम्ही कुठे आमच्या गल्लीत राहता?

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट, धुळ्याची. वाचनालयाच्या माडीवर महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आम्हा बायकांचं वाचक मंडळ भरायचं. एक महिना जुनी गाजलेली कादंबरी, एक महिना इतिहास. नलूअक्का मधोमध बसायच्या — शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, पण नजर अजून हजेरी घेणारी. प्रत्येकीने पुस्तकाबद्दल आपलं मत सांगायचं. नियम एकच: जिचं वाचून झालं नाही, तिने मुकाट उठायचं आणि सगळ्यांचा चहा करायचा. चहा मागच्या खोलीत, स्टोव्हवर. त्या स्टोव्हच्या आवाजात आतलं बोलणं काही कळायचं नाही — फक्त मध्येच सगळ्या हसल्या की तेवढं ऐकू यायचं.

मी सलग चार महिने चहा केला.

मी पिंपळनेरची. मॅट्रिक झालेली, आणि तोरा असा की जणू कॉलेज मीच काढलंय. पण पुस्तक हातात घेतलं की तिसऱ्या पानावर मान कलायची. सासूबाई दारातून जाता जाता म्हणायच्या, "पुस्तक उघडं शे, अन् डोया बंद शेतस." खोटं काय बोलत होत्या? पाचव्या महिन्यात मंडळातली सुशीला मला बघून म्हणाली, "मालूताई, तुम्ही बसूच नका, आधण ठेवूनच या." सगळ्या हसल्या. या वेळी मी खोलीत होते, म्हणून पूर्ण ऐकू आलं.

आता शमीमबद्दल सांगायला हवं. इथवर टाळत आले, कळलं ना तुम्हाला?

वाचनालयाची फाटकी पुस्तकं आमच्या घराजवळच्या बाइंडरकडे जायची. वाटेवरच होतं, म्हणून ती पोचवायचं काम माझ्याकडे. बाइंडरचाचांचे डोळे अधू झालेले, त्यामुळे शिवण, खळ, पुठ्ठा — सगळं त्यांची मुलगी शमीम बघायची. पंचविशीची असेल. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. शिवता शिवता ती पुस्तक वाचून काढायची, आणि खळ वाळेपर्यंत मला त्याबद्दल सांगायची. किल्ल्याच्या वेढ्याचं एक जाडजूड इतिहासाचं पुस्तक होतं. ती म्हणाली, "आठ महिने वेढा, ताई. तोफा किती, घोडे किती, सगळं लिहिलंय. पण आत भाकरी कोण थापत होतं, ते एका ओळीत नाही."

पुढच्या शनिवारी हेच वाक्य मी माडीवर म्हटलं. जसंच्या तसं — फक्त "ताई" गाळलं. नलूअक्कांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मालती, हे तुला सुचलं?" मी खाली बघून हसले. नम्रपणे. तो नम्रपणा आठवला की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मग काय — सात-आठ महिने मी शमीमच्या डोक्याने बोलले. सुशीला चहा करू लागली. मी साडीला इस्त्री करू लागले. विचारवंत बाईला चुरगळलेली साडी कशी चालेल?

आणि मग ती कादंबरी आली. वाचनालयात तिच्या दोन प्रती. एक धड, ती बायकांमध्ये फिरत होती. दुसरी फाटकी, ती मी शमीमकडे नेली. ती आणायला गेले तेव्हा शमीम म्हणाली, "शेवटचा फर्मा, पानांची शेवटची जुडी, इथे आलाच नाही, ताई. सोळा पानं आधीच गेलीत. पण गेली ते बरंच झालं. बाई विहिरीच्या काठावर बसलीय, तिथेच पुस्तक थांबतं. घरी जाते की उडी मारते, ते आपणच ठरवायचं."

मी यातलं किती ऐकलं असेल? विहिरीपासून पुढचं. फर्म्याचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मला मत हवं होतं, ते मिळालं होतं.

माडीवर मी रंगात आले. "लेखकाची हिंमत बघा," मी म्हटलं, "बाईला विहिरीच्या काठावर बसवलं आणि पुस्तक संपवलं." खोली गप्प. मला वाटलं, भारावल्या. मग सुशीला हळूच म्हणाली, "मालूताई, ती तर पुढे नाशिकला जाते. नर्स होते. लग्न होतं, दोन मुलं होतात. तुम्ही कोणतं पुस्तक वाचलं?"

आणि त्याच क्षणी दारात शमीम. बांधलेल्या पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून. वाचनालयात ती स्वतः कधी यायची नाही — त्या दिवशी आली. आणि तिने माझं बोलणं ऐकलं होतं. म्हणजे तिचं बोलणं.

आता ऐका. तेव्हा मी एवढंच म्हणू शकले असते, की मी वाचलेलं नाही. फार तर काय झालं असतं? चहा करावा लागला असता. पण मी शमीमकडे बोट केलं आणि म्हटलं, "बांधताना हिनेच पानं हरवली असतील. वाचता आलं तर फर्मे नीट लागणार ना."

तिने गठ्ठा खाली ठेवला, आणि गेली. नलूअक्का म्हणाल्या, "मग पुस्तकं दुसऱ्या बाइंडरला देऊ." त्या एका वाक्याने त्या घराचं निम्मं काम जाणार होतं, आणि मी पदर सारखा करत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नलूअक्कांचं घर गाठलं. खरं सांगायला गेले होते, शप्पथ. तोंडातून निघालं ते वेगळंच: बांधायला देण्याआधी पुस्तक आमच्या अंगणात पडलं होतं आणि ती पानं शेजारच्या शेळीने खाल्ली. नलूअक्कांनी काम शमीमकडेच ठेवलं. शेळीवर तेवढा डाग लागला. ती बिचारी फक्त कडुलिंबाचा पाला खायची.

पुढे शमीम मंडळात आली, खूप वर्षं आली. बोलायला लागली की नलूअक्का चष्मा काढून ठेवायच्या. सगळ्या म्हणायच्या, "मालूने तयार केलं हो तिला." मंडळाने तिचा सत्कार केला, तेव्हा माझ्या हातातही नारळ दिला. मी घेतला. एकदाही म्हटलं नाही की मी तिला काही दिलेलं नाही, घेतलं तेवढं आहे. शेळी खोटी होती हे सांगितलं नाही. शमीमनेही सांगितलं नाही. तिचं कारण तिला माहीत.

पण त्या सकाळी नलूअक्कांकडून निघाले ती थेट तिच्या दुकानात गेले होते. ती पुठ्ठ्याला खळ लावत होती. काम गेलेलं नाही हे मी सांगितलं, शेळीचंही सांगितलं, आणि दारातच उभी राहिले. चहाच्या नियमाचं रडगाणं मी कधीकाळी तिच्यापाशीच गायले होते, ते तिच्या चांगलं लक्षात होतं. तिने ब्रश खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, "ताई, शेळीचं राहू द्या. पुढच्या महिन्यात मी बोलते. तुम्ही चहा करा."