बायकांची जागा पडद्यामागे

हलती चित्रं कल्याणात पहिल्यांदा आली ती शेणाळे तळ्याच्या काठावरच्या तंबूत. मला त्यांचं असं वेड लागलं की तंबू होता तोवर मी रोज स्वयंपाक लवकर आटपून जायची. पुरुष पडद्यासमोर ऐसपैस बसत. आम्हा बायकांना मात्र, मर्यादा म्हणे, पडद्याच्या मागे बसवत आणि चित्र मागूनही दिसावं म्हणून कापडावर पाणी मारत.

एका चित्रात एक साहेब जेवत होता. घरी आल्यावर मी यजमानांना म्हटलं, "अहो, साहेबलोक डाव्या हाताने जेवतात, शी!"

हे इतके हसले की ओसरीवरच्या मंडळींना आत बोलावून ह्यांनी माझ्याकडून तेच पुन्हा वदवून घेतलं आणि वर म्हणाले, "साहेब उजव्याच हाताने जेवत होता. बायकांना चित्रं दाखवून काय उपयोग?" पुढे धाकटे दीरही पानावर बसताना विचारू लागले, "वहिनी, आज कुठल्या हाताने जेवू?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणू?

तंबू उठायच्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "आज तुम्ही मागे बसा, आणि बघा साहेब कुठल्या हाताने जेवतो ते."

"छे! तिथे कोण बसेल?" हे म्हणाले. "मागून उजव्याचं डावं दिसतं."

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही ह्यांनी ओसरीवरच्या मंडळींना हाक मारली होती.