आत्याने तोललेला कॅमेरा

आमची आत्या कुठलीही वस्तू दुकानात उभ्याउभ्या पसंत करत नसे. नवी चप्पल पायात घालून ती थेट कोपऱ्यापर्यंत चालून यायची आणि दुकानदार मागे धावायचा. "पळून नाही चालले हो," ती म्हणायची, "बसून पाहिली की कुठलीही चप्पल छान वाटते." लग्न केलेलं नव्हतं, कचेरीत टायपिस्ट होती आणि अंधेरीतल्या आमच्या दोन खोल्यांचा कारभार तिच्याच हाती होता.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास मी सिनेमाचं छायालेखन शिकत होतो. परीक्षेसाठी छोटी फिल्म स्वतःच करून आणायची होती. सांताक्रूझच्या एका हौशी पारशी गृहस्थांकडे दोन जुने कॅमेरे विकायला होते. एक दणकट, तीन लेन्सचा. दुसरा चावी देऊन चालवायचा, एकाच लेन्सचा, दिसायला अगदी डबा. माझा जीव अर्थात पहिल्यावर जडला. आत्याने दोन्ही हातांत तोलून पाहिले, फिल्मचा भाव विचारला आणि माझ्याकडे वळली.

"मोठा घेतलास तर फिल्मला पैसे उरणार नाहीत. आत भरशील काय, चुरमुरे?"

"पण आत्या, याने लांबचं टिपता येतं गं."

"मग तू जवळ जा की! पाय कशाला दिलेत?"

मी रुसलो. तिने वाद घातला नाही. रविवारी वरवंटा फडक्यात बांधून माझ्या खांद्यावर दिला आणि म्हणाली, "मोठा कॅमेरा एवढाच जड आहे. चल, वेसाव्याला जाऊन येऊ." अर्ध्या वाटेतच मी खांदे बदलू लागलो. किनाऱ्यावर पोचताच वरवंटा वाळूत टाकला. ती हसली नाही. "तुझ्या विद्येतलं मला कळत नाही रे, ओझं तेवढं कळतं. आता तू ठरव."

मी डबा घेतला.

फिल्म वेसाव्याच्या कोळणींवर करायची ठरवली. जवळ गेलो की त्या पदर ओढून पाठ फिरवायच्या. पुढच्या खेपेला आत्या बरोबर आली आणि सरळ त्यांच्यात जवळ्याची सुकट निवडायला बसली. गप्पा रंगल्या, आणि माझ्याकडे कुणी पाहीनासं झालं. ती फिल्म पाहून एका परीक्षकांनी विचारलं, "इतक्या जवळ जाऊनही ही माणसं बुजली कशी नाहीत?" त्यांनीच मला मालाडच्या स्टुडिओत सहायक म्हणून घेतलं.

त्याच वर्षी, चाळिशी उलटलेल्या आत्याने नागपूरच्या एका विधुर शिक्षकांशी लग्न ठरवलं. बाबा कळवळून म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांना जेवायला बोलावलंय. तेव्हाच विचार."

लग्नात मी कॅमेरा घेऊन तिच्याभोवती घुटमळत होतो. तिने मला जवळ बोलावलं. "ठेव बघू तो खाली. आज तू फोटोवाला नाहीस, माझा माणूस आहेस. पंगतीत बस."

मी बसलो. तिने स्वतः माझ्या पानात जिलबी वाढली, हिरव्या चुड्याचा हात माझ्या पाठीवरून फिरवला आणि संध्याकाळी ती नागपूरला गेली. पुढे कितीतरी नट्यांचे चेहरे मी पडद्यावर उजळवले. तिचा त्या दिवशीचा चेहरा मात्र कुठल्याच फिल्मवर आला नाही. तो फक्त मी पाहिलाय.