मिरवणूक झाली की

"ताई, एवढी मिरवणूक झाली की लगेच!" असं म्हणून ते माझ्या टेबलाच्या काचेवर दोन बोटांनी ठेका धरायचे आणि मला हसू यायचं. तिथंच माझं चुकलं.

नाशकातल्या एका सर्जनच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या तारखा देणं हे माझं काम. हे गृहस्थ पंचवटीतल्या एका ढोल पथकातले, पहिल्या रांगेतले. पन्नाशी उलटलेली, जांघेत हर्निया. दुर्बिणीतून आत जाळी बसवतात, हे मी समजावलं, तर म्हणाले, "म्हणजे ढोलाच्या पानाला आतून ठिगळ. कळलं!" तेव्हापासून मीही पेशंटना तसंच सांगते. ढोल न पाहिलेला माणूस आपल्या नाशकात सापडायचा कुठे?

गंमत बघा, स्वतःच्या आधी त्यांनी पथकातल्या दोघांना धरून आणलं आणि त्यांचं ऑपरेशन करवून घेतलं. रात्रभर त्यांच्या उशाशी बसले. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना त्यांच्या पोटावरच्या तीन बारक्या पट्ट्या बघून मला म्हणाले, "एवढंच? मग घाई कशाला?"

शिवजयंती झाली, रामनवमी झाली. ऑपरेशननंतर काही आठवडे ढोल उचलायचा नाही, ही अट त्यांना जाचत होती. "माझी जागा दुसऱ्याला दिली, तर परत मिळंल का?" हे त्यांनी एकदाच विचारलं, तेही काचेकडे बघत.

"पण काका, दुखत नाही?"

"ढोलाची दोरी बरोबर तिथंच आवळतो. बाहेर येतच नाय!"

आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, म्हणून डॉक्टर त्यांच्यावर ओरडले होते. मी मात्र तिसऱ्यांदा तारीख बदलून दिली. विसर्जनानंतरचा सोमवार, यादीत पहिलं नाव.

विसर्जनाच्या संध्याकाळी त्याच दोघांनी त्यांना उचलून आणलं. आदल्या दिवसापासून गाठ आत जात नव्हती, उलट्या होत होत्या. त्यांनी दोरी आणखी आवळली होती आणि रांग सोडली नव्हती. आता दुर्बिणीचं काम उरलं नव्हतं. पोट उघडावं लागलं. आतडं काळं पडलं होतं. रविवारी ते गेले.

मी एकदा तरी रागवायला हवं होतं. माझं त्यांनी ऐकलं असतं, असं मला अजूनही वाटतं आणि ते फार छळतं.

सोमवारी सकाळी थिएटरमधून सिस्टरचा फोन आला. ती सणाची सुट्टी संपवून त्याच दिवशी कामावर आली होती. "पहिला पेशंट पाठव गं."

"ते येणार नाहीत," मी म्हणाले.

ती हसली. "परत पुढे ढकललं का काकांनी?"