न चाखलेले दुधी

सात दुधी मी न चाखता अन्नछत्राला देऊन आलो.

सरकारी रुग्णालयाशेजारी, पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना संध्याकाळी तिथं फुकट जेवण मिळतं. आमच्या घरामागच्या बागेत जे येईल ते बायको तिथं पाठवायची. दुधी असला की देठाकडची चकती कापून आधी स्वतःच्या जिभेवर, मगच टोपलीत.

"अगं, दान उष्टं करतेस," मी दर वेळी म्हणायचो.

"उष्टं चालतं, कडू नाही चालत."

मार्चमध्ये ती गेली. रडून मोकळे व्हा, असं सगळे म्हणाले. मी मनापासून प्रयत्न केला, जांभई आली. सून म्हणाली, "बाबा, टोपली तेवढी बंद करू नका. आईंचं तेवढंच चालू राहिलंय." मग मी ठरवलं, तिच्या नावानं द्यायचं तर शुद्धच द्यायचं, चाखणं बंद. मधे पंधरा दिवस वेलाला पाणी घालायचंच राहिलं. पाण्याची ओढ बसली की दुधी कडू होतो, हे मी सोडून सगळ्या नाशिकला ठाऊक असावं.

अन्नछत्रात स्वयंपाकाला सायखेड्याच्या एक बाई आहेत. आमच्या घरचा दुधी म्हणजे चाखलेलाच, या भरवशावर त्यांनी सातही चिरून पातेल्यात टाकले. अख्खी भाजी ओतून द्यावी लागली. रांगेला नुसता वरणभात. रिकामी टोपली न्यायला मी संध्याकाळी परत गेलो होतो. ताट पुढे धरून एका म्हाताऱ्यानं मलाच विचारलं, "भाजी नाय का आज?"

बाईंनी उरलेली एक कच्ची फोड माझ्या हातावर ठेवली. "चावा."

चावली. "बरी आहे की," मी म्हणालो. खोटं नव्हतं. मार्चपासून सगळं असंच लागत होतं, चहासुद्धा.

"थुका आधी! जहर हाय ते!"

थुंकलो. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी चूळ भरली, टोपली उचलली आणि विचारायचं ते विचारलं, "उद्यापासून आणू ना?"

"आना की. काकूंची टोपली हाय, नाय कशी म्हनू?" पदराला हात पुसत त्या म्हणाल्या. "पन चाखायला सुनबाईंना सांगा. तुमच्या जिभेचा काय उपेग नाय. तुमी नुसती टोपली उचला."