जास्त आलं, मात्रा निम्मी

माझ्या बायकोच्या थायरॉईडवर मी काही महिने माती परीक्षणाच्या नियमांनी उपचार केले. ती वाचली, याचं श्रेय पूर्णपणे तिचं आहे.

तेव्हा आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचो आणि मी माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत अहवाल लिहायचो. कपाशी दर वर्षी नव्या कारणानं जात होती, सकाळचं वर्तमानपत्र उघडवत नव्हतं, आणि तरी आम्ही लोकांना त्यांच्या मातीत स्फुरद किती, हे दोन दशांशांपर्यंत कळवत होतो. (पाऊस किती, हे आमच्या अखत्यारीत नव्हतं.) नियम सोपा. रकान्यात ‘जास्त’ आलं की खताची मात्रा कमी करा, ‘कमी’ आलं की वाढवा. सतरा वर्षं हेच लिहून बोटाला घट्टा पडला होता. थोडा डोक्यालाही.

अशात बायको, सुमन, मंदावली. पोळी लाटता लाटता बसून राहायची, आवाज घोगरा झाला, आणि एप्रिलमध्ये (अकोल्याच्या एप्रिलमध्ये!) शाल मागू लागली. कोणाला काही वेगळं वाटलं नाही. त्या वर्षांत आमच्या गल्लीत चटपटीत होतं तरी कोण? शेवटी तिच्या बहिणीनं तिला अमरावतीला नेऊन डॉक्टरांना दाखवलं. थायरॉईडची ग्रंथी सुस्त निघाली. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, चहा अर्ध्या तासानं, आणि दोन महिन्यांनी रक्त तपासून रिपोर्टसह हजर राहा, असं ठरलं.

दोन महिन्यांनी रक्त अकोल्यातच दिलं. रिपोर्टमध्ये टीएसएच एकवीस, आणि पुढे इंग्रजीत ‘जास्त’. पहिला आकडा याच्या दुप्पट होता. पण तो कागद बहिणीकडे राहिला होता, आणि मागवण्याची मला गरज वाटली नाही.

“डॉक्टरले नाही दाखवायचं?” सुमननं विचारलं.

“कायले? थायरॉईड जास्त झालं. गोळी जड होऊन राहिली तुले.”

खालच्या ओळीत टी-फोर ‘कमी’ होतं. एक जास्त, एक कमी, म्हणजे सरासरी बरी, असा शास्त्रीय निष्कर्ष काढून मी ब्लेडनं गोळ्यांचे दोन-दोन तुकडे केले.

पुढच्या खेपेला आकडा अडतीस! एवढी अडेल माती मी नोकरीत पाहिली नव्हती. मात्रा पाव केली. पाव गोळी म्हणजे काय, तर ब्लेडखाली निम्मा चुरा उडतो आणि उरलेलं बोटाला चिकटतं. सुमन ते निमूटपणे चाटायची. तिनं वाद घालणं थांबवलं होतं, आणि मी त्याला प्रकृतीतली सुधारणा समजत होतो.

आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा यायचा. एके दिवशी तिनं नळाखाली हंडा ठेवला, शेजारी बसली, आणि बसूनच राहिली. हंडा भरला, पाणी गल्लीत गेलं, तरी उठली नाही. आमच्या गल्लीत कोणी पडलं तर दोघं धावतात. पाणी वाहिलं तर सगळे! शेजारच्या शमीमभाभींनी नळ बंद केला, सुमनला धरून आत आणलं, तिच्या सुजलेल्या पापण्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडून रिपोर्ट मागून घेतला. भाभी स्वतः नऊ वर्षं हीच गोळी घेत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

“भाईसाब, गोळी कोणी कमी केली?”

“मीच. आकडा जास्त होता ना.”

भाभींनी टीएसएचच्या आकड्यावर बोट ठेवलं. “हा आकडा थायरॉईडचा नाही. डोक्यात एक मुकादम बसला हाये, त्याच्या ओरडण्याचा हाये. गळ्यातला मजूर काम नाही करत, तं मुकादम ओरडते. मजूर जेवढा सुस्त, तेवढा आवाज मोठा. तुमी मजुराची भाकर काढून घेतली, अन् वरून इचारता, मुकादम काहून ओरडून राहिला?”

भाभी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. मी कृषी पदवीधर.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं अमरावतीला निघालो. वाटेत सुमन फक्त एकदा बोलली. “मले वाटलं, सगळ्याईचंच असं होऊन राहिलं. आपलं काय येगळं.”

मला प्रत्येक प्रश्नावर दोन ओळींची शिफारस लिहायची सवय. इथे मी आधीच्या दोन, निम्मी आणि पाव, मनातल्या मनात खोडत राहिलो. नांदगाव पेठ आली तेव्हा अमरावती केव्हाच मागे पडली होती, आणि तिथे कंडक्टरनं आम्हाला खाली उतरवलं.

डॉक्टरांनी, बहिणीनं आणलेला पहिला धरून, तिन्ही रिपोर्ट ओळीनं मांडले आणि मात्रा कोणी बदलली, असं विचारलं.

“याईनं,” सुमन म्हणाली. “हे माती तपासतात.”

डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पूर्ण गोळी पुन्हा लिहून दिली, आणि त्याखाली सुवाच्य मराठीत एक ओळ: ‘रिपोर्ट पतीला दाखवू नये.’ औषधाच्या दुकानात ती ओळ मोठ्यानं वाचली गेली.

काही महिन्यांत सुमन चालती-बोलती झाली, मुख्य म्हणजे भांडती झाली. गोळीनं गुण आला की त्या ओळीनं, हे रिपोर्टवरून सांगता आलं असतं. पण तो मला अजून कोणी दाखवलेला नाही.